हरणीची तालीम

उद्धवरावांनी हरणीच्या डोक्यावरची रंगीत पिसं सोडवली, मग गळ्यातली झालर काढली. घोडी गुमान उभी राहिली.

“न्या खुशाल,” दत्तोबा म्हणाला. भोसरीच्या वर्कशॉपांमागं त्याचा वरातीच्या घोड्यांचा तबेला होता. “जनावर तुमचंच हाय, राव. परवा महाळुंग्याचा घाट. हरणीबिगर शोभा न्हाई.”

शर्यतीच्या घाटात बैलगाड्याच्या पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. अशा घोड्या तयार कराव्यात त्या उद्धवरावांनीच. खेडपासून मावळापर्यंतचे गाडामालक त्यांच्या दारात ताटकळायचे. मानाच्या ढाली ठेवायला घरात जागा उरली नव्हती. त्यातही हरणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण शर्यतींवर बंदी आली, वर्षांमागून वर्षं गेली, आता काही हे परत सुरू होत नाही म्हणून त्यांनी कंटाळून घोडी दत्तोबाला वरातीसाठी दिली. आणि पुढच्याच हिवाळ्यात बंदी उठली. आणखी थोडं थांबलो असतो तर, हे ते रोज स्वतःला ऐकवत. जिवाला चैन पडत नसे.

“एकदा सोडून बघतो,” म्हणत त्यांनी हरणीला मागच्या माळावर आणलं, दावं सोडलं आणि घाटातली आरोळी ठोकली, “भिर्रर्र!”

हरणीचे कान ताठ झाले. उद्धवरावांचा ऊर भरून आला. मग हरणीनं मान वाकवली, पुढचा पाय उचलला, आणि ती जागच्या जागी नाचू लागली.

दत्तोबा ओशाळला. “बँड वाजू दे, फटाके फुटू दे, पळायचं न्हाई, जागीच नाचायचं. पाठीवर नवरदेव असतो ना. दुसऱ्या घोड्या वर्ष खातात, ही महिन्यात शिकली. तुमच्या हाताखालची ती. सांगितलेलं मनापासून ऐकती.”

उद्धवराव हरणीचे नाचते पाय बघत होते.

“शिकवा की परत. तुमास्नी काय अवघड?”

“किती येळा शिकवल्यालं मोडायचं तिचं?” उद्धवराव म्हणाले.

नाच संपवून हरणी त्यांच्याजवळ आली. काम चोख झालं की मालकाकडं जायचं, ही सवय त्यांनीच लावलेली. तिनं त्यांच्या तळहाताला नाक लावलं आणि वाट बघत राहिली.

उद्धवरावांनी सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिला भरवला.

“शाब्बास, पोरी,” ते म्हणाले, आणि दावं दत्तोबाच्या हातात दिलं.