सोवळ्यातलं मरण

सोजरबाईंनी आडावरून भरून आणलेली घागर अंगणाच्या मधोमध खाली ठेवली आणि तुळशीच्या ओट्याला हात टेकून त्या उभ्या राहिल्या. आपल्या घरात हे रोजच घडतं असं दाखवत त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आभाळाकडे पाहिलं, शेजारच्या बैलाला उगीच हाकललं. पण ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या दमयंतीच्या हातातलं सूप थांबलं. सासूबाई दम खात होत्या.

"आत्याबाई, ठेवा ते घागर. मी आनतो."

"काऊन? माह्ये हात मोडले काय?" सोजरबाई फणकारल्या आणि घागर उचलून आत गेल्या.

तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तामसीकडच्या या गावात सोजरबाईंचे यजमान गोपाळराव यांच्या घराला मान होता. त्यांच्या आजोबांना निजामाच्या काळात पटवारकी होती, आणि दफ्तर, पावती, वसूल हे शब्द अजूनही गोपाळरावांच्या तोंडातून गेले नव्हते. थोरला मुलगा केशवराव शेती पाहत असे. धाकटा उद्धव, म्हणजे दमयंतीचा नवरा, मंडल कचेरीत, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकून होता. दिवसभर तेलुगूत कागद लिहायचा आणि घरी आला की आईच्या शब्दाबाहेर जायचा नाही. या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसत, आणि त्यांच्या सोवळ्याची कीर्ती दूरच्या भैंसा गावापर्यंत होती. स्वयंपाक करणारीनं पहाटे डोक्यावरून अंघोळ करायची, ओलं लुगडं नेसायचं आणि सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील सगळं होऊन नैवेद्य दाखवला जाईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. तेवढ्या वेळात तिला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर सगळा स्वयंपाक बाटला.

या कीर्तीची किंमत दमयंतीनं पाहिली होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच भाद्रपदात ती नेमकी बाहेरची बसली होती. परसातल्या पडवीत, वेगळ्या चटईवर. तिथून स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसे. आत थोरली जाऊ भागीरथा चुलीपुढे होती. मोठ्या मनाची, हसरी बाई. दमयंती तिला 'बाई' म्हणे, आणि तिनं दमयंतीला धाकट्या बहिणीसारखं सांभाळलं होतं. गेले काही आठवडे ती म्हणत होती की आताशा कामानं जीव थकतो, पाठीत दोन खांद्यांच्या मधे आवळून येतं. "पित्त असंन," म्हणून घरानं ते उडवून लावलं होतं. बाईच्या दुखण्याला आपल्या घरांत पित्ताखेरीज दुसरं नाव कधी मिळतं?

त्या दुपारी भागीरथानं पुरण ढवळता ढवळता डावा हात जबड्याखाली धरला. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, तो चुलीच्या धगीचा नव्हता; धग लागलेल्या माणसाचं तोंड लाल होतं, हिचं पांढरंफटक पडलं होतं.

"बाई, काय होते वं?" दमयंतीनं खिडकीतून विचारलं.

"काई नाई. दाढ ठनकून राह्यली. मळमळते जराशीक."

"आत्याबाई! बाईले पाहा नं, कसं करून राह्यल्या!"

सोजरबाई देवघरातून आल्या त्या दमयंतीवरच. "बाहेरची हाय नं तू? सैपाकावर नजर काऊन टाकून राह्यली?" मग सुनेकडे वळून, हातभर अंतरावरूनच म्हणाल्या, "घडीभर दम धर भागीरथा. नैवेद्य झाला की पड मंग."

भागीरथानं मान डोलावली. या घरात तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. ती पुन्हा पुरणाकडे वळली आणि तशीच, हातातल्या पळीसकट, कलंडली.

पुढचं जे झालं ते दमयंतीच्या डोळ्यांपुढून आजवर हललेलं नाही. सोजरबाई धावल्या, पण आधी त्यांनी पुरणाचं पातेलं बाजूला सरकवलं. पडलेल्या बाईचा स्पर्श होऊन ते बाटू नये म्हणून. मग भाज्यांची भांडी देवघराच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली, आणि मग हाक मारली. केशवराव दारात येऊन उभा राहिला आणि आईला विचारू लागला, "आता शिवू काय?" दमयंती पडवीत किंचाळत होती. तिचा किंचाळण्याचा अधिकारही त्या दिवशी बाटलेला होता.

भागीरथा गेली. सुतक लागलं, नैवेद्य तसाच राहिला, सगळं अन्न गुरांपुढे टाकावं लागलं. आणि गावच्या बाया प्रेताची ओटी भरायला आल्या तेव्हा एकेक म्हणू लागली, "किती भाग्याची! अहेवपनी गेली, सोवळ्यात गेली, देवीनंच नेली." सोजरबाईंनी ते शब्द असे घट्ट धरले की जणू त्यांच्यावाचून त्यांना उभंच राहता आलं नसतं.

तेव्हापासून दमयंती त्या स्वयंपाकघरात एकटी कधी नव्हती. पुरण शिजायला लागलं की पाठीमागं कुणीतरी जबडा धरून बसलंय असं तिला वाटे. ती वळून पाही. कुणी नसे. पण कुणी नसण्याचीसुद्धा तिला भीती वाटे.

एकदा स्वतःच्या तापासाठी ती आदिलाबादेच्या दवाखान्यात गेली, आणि तपासणी झाल्यावर उठेचना. तेलुगू मुलखातल्या डॉक्टरीणबाई होत्या, हिंदी-मराठीची खिचडी करून बोलत.

"डॉक्टरीनबाई, दाढ दुखून मानूस मरते काय?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "अम्मा, वो दाढ नहीं थी. दिल था. बाईमाणसाला छातीत जोराची कळ येईलच असं नाही. जबडा दुखतो, पाठ, डावा हात. मळमळ होते, थंड घाम येतो. आधी कितीतरी दिवस थकवा येतो, चालताना दम लागतो. सब बोलते हैं पित्त, गॅस. ऐसा दिखे तो चालवायचं नाही, थांबायचं नाही. उचलून आणायचं."

"आनलं असतं त वाचली असती?"

"बहुतेक," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दानं दमयंतीची झोप उडवली. घरी येऊन तिनं सगळं सांगितलं तर उद्धव हसला. "जबड्यात कुठं दिल रायते?" सोजरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून निघून गेल्या.

आणि आता अंगणात घागर खाली ठेवून दम खाणाऱ्या सोजरबाईच होत्या. दमयंतीनं मग डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली. देवळाच्या वाटेवर त्या पारावर बसू लागल्या होत्या. पाठीत वात धरला म्हणून ओवा खात होत्या. मीठ घातलेल्या लोणच्या-पापडाचा सोस तेवढा सुटत नव्हता. "आदिलाबादेले चला," असं दमयंती म्हणाली की एकच उत्तर येई, "महालक्ष्म्या होऊ दे."

महालक्ष्म्यांचा दिवस आला. पुरण दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवणं सोजरबाईंना मंजूर नव्हतं, म्हणून त्या स्वतःच ओल्या लुगड्यानं चुलीपुढे बसल्या होत्या. दमयंती ओसरीवर पाहुण्यांचं पाहत होती, पण तिचे पाय सारखे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे वळत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती पुन्हा डोकावली आणि जागीच थिजली.

सोजरबाई भिंतीला टेकल्या होत्या. तोंड पांढरं. कपाळावर घाम. डावा खांदा उजव्या हातानं दाबून धरलेला.

"आत्याबाई!"

"गॅस झाला वं... शिवू नको! ओवळ्यात हायेस तू. नैवेद्य राह्यला अजून."

दमयंती उंबऱ्यावर उभी राहिली. एका क्षणात तिला ती खिडकी दिसली, पळी हातात धरून कलंडलेली जाऊ दिसली, बाजूला सरकलेलं पातेलं दिसलं. या घराच्या अब्रूचं, सणाचं, देवीच्या कोपाचं सगळं ओझं त्या उंबऱ्यावर होतं. भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही.

तिनं उंबरा ओलांडला आणि सासूच्या काखेत हात घातला.

"बाटवलं!" सोजरबाई क्षीण आवाजात ओरडल्या.

गोपाळराव देवघरातून धावत आले. "सूनबाई, अक्कल हाय काय? नैवेद्य!"

"मामंजी, त्या सालीबी नैवेद्यच होता. बाई गेल्या, आन नैवेद्य गुराईनं खाल्ला."

उद्धव दारात घुटमळत होता. "आत्ता होऊनच राह्यलं, नैवेद्य दाखवू, मंग लगेच..."

"तुमाले आई पायजे का नैवेद्य पायजे? एकच सांगा." दमयंतीचा आवाज फाटला. "शिवा त्याईले! मी शिवली, आता बाटाचं काई राह्यलं नाई!"

उद्धवनं आईकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत प्रथमच, तिच्या शब्दाकडे न पाहता तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तो पुढे आला आणि त्यानं तिला उचललं. केशवराव काही न विचारता गावातल्या फकिराची जीप आणायला पळाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कुणासाठी होतं हे सगळ्यांना समजलं. बाजेवरून सोजरबाईंना जीपपर्यंत नेलं. एक पाऊलही चालू दिलं नाही. मागे चुलीवर पुरण करपत होतं आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"वेळेत आणलं," आदिलाबादेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून उशीर करते तो मैं कुछ नहीं कर सकती थी."

सोजरबाई वाचल्या. पण कित्येक दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. दमयंती त्यांना अळणी पेज भरवी, त्या मुकाट्यानं खात आणि तोंड भिंतीकडे करत. दमयंतीला वाटे, बाटवल्याचा राग आहे. असू दे. रागवायला माणूस उरलं, एवढं पुष्कळ झालं.

मग गावच्या बाया दवाखान्यातच भेटायला आल्या. खाटेभोवती कोंडाळं करून बसल्या आणि नेहमीसारखं सुरू झालं. "देवीचीच किरपा म्हनून वाचल्या तुमी."

सोजरबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "आन भागीरथावर काऊन नव्हती मंग किरपा?"

"तिले देवीनं नाई नेलं वं," सोजरबाई म्हणाल्या. हुंदका आवरेना म्हणून पदर तोंडात धरला होता, शब्द त्यातूनच येत होते. "म्या जाऊ देल्ली. मले पुरनाची पडली होती. ते मरून राह्यली होती आन मले पुरनाची पडली होती."

बाया एकेक करून उठल्या. पायताणं शोधण्याच्या निमित्तानं खाली पाहत निघून गेल्या. शेजारची शकुबाई तेवढी दाराशी रेंगाळली. दमयंती बाहेर आली तशी तिनं तिचा पदर ओढला.

"दमे, माह्याबी पाठीत दुखते वं. लय दिसापासून. पानी आनताना जीव घाबरते. घरी कोनाले सांगतलं नाई. तू बी सांगू नको. सनावाराचे दिवस हाय."

दमयंतीनं तिचा हात धरला आणि तिला डॉक्टरीणबाईंच्या दारापुढल्या रांगेत नेऊन उभी केली.

"इथं आधी सांग," ती म्हणाली, "मंग घरी आपन दोघी सांगू."