गरुडाचं कार्ड

मुलगा भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून त्याची आई दर रविवारी शिलाई मशीन झाकून चित्रांची कार्डं जमवणाऱ्यांचे अड्डे पालथे घालत होती. त्याचा जीव या कार्डांतच अडकलेला, त्यामुळे कुठे ना कुठे तो सापडेलच, असं तिला वाटे. पण जावं तिथे नन्नाचा पाढा.

शेवटी ती खेळण्यांच्या दुकानामागच्या खोलीत जमणाऱ्या मंडळींकडे आली. तिथली रीत अशी, की नव्या माणसानं एक कार्ड अदलाबदलीला ठेवायचं. मग त्याचा फोटो शहरातल्या झाडून सगळ्या जमवणाऱ्यांच्या फोनवर जायचा.

तिनं मुलाची हकीगत सांगितली आणि त्याचं सगळ्यात लाडकं, चंदेरी गरुडाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"मावशी, हे देऊन टाकणार?" दुकानदार चपापला. "त्याला कळलं तर तो तुमचं तोंड बघणार नाही."

"आता तरी कुठे बघतोय," ती म्हणाली. "टाक फोटो. खाली लिही, आईनं द्यायला काढलंय. भांडायला तरी येईल."

फोटो गेला. तिनं खुर्ची दाराकडे वळवली आणि कार्ड मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती नाही म्हणत राहिली.