न चाखलेल्या वरणाचे मीठ

मित्रांनो, मी एक जुने पितळी मापटे आहे. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, त्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. नवापूरच्या देवळातल्या स्वयंपाकघरात मी चाळीस वर्षे काढली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पाचशे पानांच्या वरणात मीठ पडायचे ते माझ्याच मापाने. काठोकाठ चार मापटी. "आमच्या मापट्याला चूक ठाव नाय," असे वत्सलाकाकू म्हणायच्या, आणि मी फुशारून जायचे.

यंदा गावचे खडे मीठ मासळी खारवण्यात संपले. काकूंनी दुकानातून बारीक मिठाच्या किलोकिलोच्या पिशव्या आणवल्या. पहिले माप भरले आणि मी दचकले. खड्यांमध्ये फटी राहतात. हे मीठ कानाकोपऱ्यात शिरून बसले होते. मी केवढे जड झाले! पण मला वाचा कुठली? ते माप वरणात गेलेसुद्धा. नैवेद्याआधी वरण चाखायचे नाही, हा रिवाज. चूक कळणार ती पंगत बसल्यावर. सात दिवस नाम ऐकलेली माणसे प्रसादाचा पहिलाच घास थुंकतील, आणि काकू उभ्या जागी मरतील! बाहेर बुवांनी काल्याचा अभंग धरला होता.

"आई, थांबा," रिद्धी म्हणाली. ही काकूंची वाणगावची नवी सून. "एका मापात पाऊण पिशवी गेली. नेहमी एवढं जातं?"

"मला मोजाया शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तवापासून रांधते मी हितं!"

"एकदा वजनकाट्यावर बघूया ना."

"काटा मासळीचा हाय! देवाच्या चुलीपाशी आणशील?"

"काटा नाय आणत. मापटं तिकडं नेते."

मासळीच्या काट्याला लागलेले भांडे या चुलीवर परत येत नाही. काकूंनी मला घट्ट धरले. टाळांची लय चढली. आता वेळ उरला नव्हता.

"ने," काकू म्हणाल्या.

मासळीच्या ओट्यावर खारवणाऱ्या महादूआजोबांनी गोणीच्या तळाचे खडे मीठ माझ्यात भरले. माझे वजन वजा जाता भरले अर्धा किलो.

"चार मापटी म्हंजे दोन किलो!" रिद्धी मला तिथेच टाकून पळाली. "आई, दोनच पिशव्या! पयलं माप धरून!"

चार मापटी बारीक मीठ म्हणजे तीन किलो झाले असते, मित्रांनो.

ओट्यावरून मी कान लावून बसले. गजर झाला. नैवेद्य झाला. पंगत बसली. पहिला घास गेला, थुंकल्याचा आवाज नाही. मग कुणीतरी ओरडले, "अगो वत्सले, वरण आण की! वाटी सुकली!"

संध्याकाळी काकू आल्या. चिंच लावून त्यांनी मला लख्ख घासले, पण देवळात नेले नाही. आता मी इथेच मासळीचे मीठ मोजते.

मला घासूनपुसून ठेवा, एवढेच मागणे आहे. आणि एक ध्यानात धरा, मित्रांनो: मी जागा मोजते, वजन नाही. जिन्नस बदलला की मला पुन्हा काट्यावर घाला. मला त्यात कमीपणा वाटत नाही.