गाडीतली आत्या

आप्पांचे कान ऐन भरात होते त्या काळात गाड्यासुद्धा त्यांच्या गॅरेजसमोरून दबकत जायच्या. दुपारी बाकावर डोळ्यांवर रुमाल टाकून पडले असले, तरी रस्त्यावरून गाडी गेली की पडल्या पडल्या तिची खबर द्यायचे. "डॉक्टरांची गाडी. मागच्या चाकाचा नट ढिला झालाय. आणि डॉक्टर आज बायकोशी भांडून निघालेत." संध्याकाळपर्यंत नट रस्त्यात सापडायचा आणि डॉक्टर खानावळीत. एकदा तर त्यांनी पंक्चर व्हायच्या आधीच एका टायरला ठिगळ लावलं, कारण टायरच्या मनात काय चाललंय ते त्यांना ऐकू आलं होतं. हे ज्यांना पटायचं नाही, त्यांनी खुशाल दुसरं गॅरेज शोधावं. ते शोधायचेही, आणि आठवड्याने तोंड पाडून परत यायचे.

गॅरेजचा कायदा एकच होता. गाडीला काय होतंय ते गिऱ्हाइकाने शब्दांत सांगायचं नाही, तोंडाने आवाज काढून दाखवायचा. कुणालाही सूट नाही. बँकेचे मोठे साहेब टाय सावरत दारात उभे राहायचे आणि गाल फुगवून 'भुर्र-टक्, भुर्र-टक्' करायचे, आणि आत सुट्या भागांच्या फळ्यांमागे आप्पांची बायको तोंडावर हात दाबून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. मग तोच आवाज ती जसाच्या तसा काढून आप्पांना ऐकवायची. आवाज काढण्याआधी एक छोटासा श्वास आत घ्यायची, पाण्यात उडी मारणाऱ्या माणसासारखा.

आवाजांना नावंही तिनेच ठेवली होती. चाकाचं बेअरिंग गेलं की येणारी एकसुरी घूं-घूं म्हणजे मावशी, कारण मावशी एकदा बोलायला लागली की गाव मागे पडलं तरी थांबत नाही. पॉवर स्टेअरिंगचा पंप आतून झिजला की तो जाड, घोगरा गुरगुरतो, तो मामा. आणि त्याच स्टेअरिंगच्या तेलात हवा शिरली की चाक वळवताना जी बारीक किंकाळी निघते, कानात सुई घातल्यासारखी, ती आत्या.

"माझीच बहीण सापडली का तुला?" आप्पा म्हणाले होते.

"मामा कुणाचा भाऊ आहे मग? फिटंफाट झाली."

एकदा खरी आत्या गॅरेजात पाऊल टाकत असतानाच आप्पा आतून ओरडले, "अगं, आत्या आलीय, तिला आधी जॅकवर घे!" पुढे बराच काळ ती भावाशी बोलली नाही.

बायको गेली त्याला आता वर्षं लोटली होती. नावं मात्र राहिली. गॅरेज लेक चालवायची, आणि आवाजाच्या बाबतीत अजूनही आप्पांचा शब्द शेवटचा. त्यांनी मामा म्हटलं की मामा. वर कुणी बोलायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पांनी जाहीर केलं की गल्लीतल्या चिमण्या गेल्या. धुराला कंटाळून गेल्या असणार, असं भेटेल त्याला सांगत सुटले. मग एका सकाळी खिडकीच्या चौकटीवर एक चिमणी बसलेली दिसली. चोच उघडत होती, मिटत होती, शेपटी हापसत होती, जीव तोडून काहीतरी सांगत होती, आणि आवाज मात्र शून्य. आप्पांनी खिडकी उघडली. तरी शून्य. मग त्यांनी किटली ठेवली. तोंडातून वाफ सुटली, झाकण नाचलं, शिट्टी नाही.

आप्पा खुर्चीवर बसले. जाड आवाज सगळे जागेवर होते, इंजिनाची धडधड होती, लेकीचं बोलणंही होतं. बारीक तेवढे गळून गेले होते. आणि बायकोचं हसणं बारीक होतं. आज ती समोर असती तर नुसतं तोंड उघडलेलं दिसलं असतं, चिमणीसारखं. हे मनात आल्यावर आप्पांनी तो सबंध दिवस कुणाशी थट्टा केली नाही.

लेकीला त्यांनी काही कळू दिलं नाही, कारण तिने आधीच बजावून ठेवलं होतं. झालं असं होतं की एका नव्या मोटारीचं इंजिन मांजराच्या पावलांनी चालू होतं, आणि ते बंद आहे असं समजून आप्पांनी फिरत्या पट्ट्याकडे हात नेला होता. लेकीने मनगट धरलं म्हणून बोटं वाचली.

"गंमत करत होतो गं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, कान शाबूत आहेत तोवर गॅरेजात या. कान गेले त्या दिवसापासून घरी बसायचं. मला बोटं नसलेला बाप नको."

घरी बसायचं! घरात दोन खोल्या होत्या, भिंतीवर बायकोचा फोटो होता, पण तेलाचा वास नव्हता. त्या खोल्यांत बायको फोटोपुरतीच होती. गॅरेजात ती फळ्यांमागे होती, दारात होती, प्रत्येक बिघाडाच्या नावात होती. तिथून उठायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं. म्हणून आप्पा लोकांचे ओठ बघायला शिकले, बॉनेटवर सहज टेकल्यासारखा तळवा ठेवायला शिकले, आणि "पुन्हा एकदा करा बरं" असं दरडावून म्हणायला शिकले.

अशात सुईणबाई आपली गाडी घेऊन आल्या. अर्ध्या गावाने या जगात आल्यावर पहिल्यांदा पाहिलेलं तोंड सुईणबाईंचं होतं. आप्पांच्या लेकीनेही. गाडी त्यांच्यासारखीच, रंग उडालेली पण न थकलेली. पॉवर स्टेअरिंगवाली पहिली गाडी या गॅरेजात आली ती हीच. त्या दिवशी आप्पांच्या बायकोने आत बसून एका बोटाने चाक फिरवून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "हे असं वळतं? आणि मी इतकी वर्षं नवऱ्याला दोन्ही हातांनी वळवतेय!"

"काय होतंय, बाई? आवाज काढा," आप्पा म्हणाले.

सुईणबाईंनी ओठ ताणले, दात दाखवले. आप्पांना त्यातून कसलीशी घरघर तेवढी ऐकू आली. ते स्वतः आत बसले, चाक शेवटापर्यंत वळवलं. जाड गुर्रऽ ऐकू आलं.

"मामा! पंप गेला."

लेकीने कपाळाला आठी घातली, तोंड उघडलं, आणि मिटलं. आवाजाच्या बाबतीत आप्पांचा शब्द शेवटचा. पंप बदलला. पाईप आप्पांनी स्वतःच्या हाताने जोडले.

थोड्या दिवसांनी सुईणबाई पुन्हा दारात. लेक तेव्हा मागच्या अंगणात गिअर धूत बसली होती.

"आप्पा, गल्लीतले लोक अजून नावं ठेवतात रे माझ्या गाडीला."

"लोकांना उद्योग काय दुसरा! बसा आत, वळवा बघू."

सुईणबाईंनी इंजिन चालू केलं आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. आप्पा बॉनेट उघडून वाकले, मान कलती केली, डोळे मिटले.

"छान!"

"मलाही छानच वाटतंय," सुईणबाई म्हणाल्या. "अजून वळवू?"

"वळवा, वळवा. रेशमासारखी चाललीय."

इकडे दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, आणि तिकडे न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेसासकट बाहेर पळालं, दोन्ही कानांवर हात. त्याच्या मागे न्हावी, एका कानावर हात, दुसऱ्या हातात वस्तरा. समोरच्या घराच्या खिडक्या धडाधड लागल्या. कोपऱ्यावरचं कुत्रं आकाशाकडे तोंड करून उभं राहिलं. पुढे लोक म्हणायचे की शेजारच्या गावातली कुत्रीही तिथूनच त्याला साथ देत होती. आप्पांनी न्हाव्याला हात केला. त्यांना वाटलं, कौतुक करायला आलाय.

लेक अंगणातून धावत आली, हातांवरून तेल निथळतंय, तोंड उघडं. तिने खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

गल्लीने श्वास सोडला. आप्पांना आणि सुईणबाईंना इंजिन थांबल्याचं कळलं, बाकी काही फरक कळला नाही.

"आप्पा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"काय?"

"आत्या! बोंबलत होती!"

"आत्या कुठून आली? मामा होता, त्याला काढला की."

"बाई, आणि तुम्ही? तुम्हाला तरी?"

"मला बारीक आवाज येईनासे झाले त्याला किती काळ झाला," सुईणबाई निवांतपणे म्हणाल्या. "तो न्हावी म्हणाला किंचाळते, आणि त्याने करून दाखवलं. मी त्याचं तोंड पाठ करून आले."

लेक एका टायरवर बसली. हसावं की रडावं हे तिचं ठरत नव्हतं. मग तिने बापाकडे पाहिलं आणि हसण्याचं राहून गेलं.

"कधीपासून, आप्पा?"

"चिमण्या गेल्या तेव्हापासून."

"चिमण्या कुठे गेल्या नाहीत."

"ते कळलं मला. उशिरा कळलं."

"मला पहिल्या दिवशीच आत्या ऐकू आली होती. तुम्ही मामा म्हणालात म्हणून गप्प बसले." तिने हात पुसले. "उद्यापासून घरी."

आप्पा भांडतील असं सुईणबाईंना वाटलं होतं. पण ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडी इतकं परकं वाटलं की सुईणबाईच चपापल्या.

"पण या गाडीचं मी वाटोळं केलंय. तेवढी नीट करून जातो."

त्यांनी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. आत तेल कुठलं, घुसळलेल्या दुधासारखा फेस.

"हवा. डोळ्यांना दिसत होतं ते. आणि मी डोळे मिटून ऐकत बसलो." गाडीखाली वाकून त्यांनी हात फिरवला. "खाली थेंब नाही. म्हणजे तेल बाहेर जात नाही, पंप शोषतो तिथून हवा आत जातेय." टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाईपवरून बोटं सरकली आणि क्लिपपाशी अडली. टोकाला रबर खापरासारखं कडक झालं होतं. "नव्या पंपाला हा जुना पाईप मीच चढवला. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून जोडावर तेल सोडायचं. भेग क्षणभर बुजते आणि आत्या गप्प होते." त्यांनी बोटं पुसली. "ती गप्प झाली हे कुणाला कळायचं पण?"

लेक उठली. "मागे व्हा. अजून मागे. हात पाठीशी बांधा."

आप्पांनी शाळकरी मुलासारखे हात पाठीशी घेतले. सुईणबाईंनी इंजिन चालू करून चाक वळवलं. न्हाव्याने घाईघाईने दार लावून घेतलं. लेकीने तेलाची कुपी जोडावर धरली.

"काय म्हणतेय?" आप्पा ओरडले.

लेक त्यांच्याकडे वळली. तिने एक छोटासा श्वास आत घेतला आणि तोच आवाज काढला, पण खाली उतरवून, छातीतून, जाड करून, बापाच्या कानांत मावेल असा. "ऊंऽऽऽ..." धार जोडावर पडली. "ऊंऽ... ऊं..." आणि तिने तोंड मिटलं.

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. तो श्वास त्यांच्या ओळखीचा होता. फळ्यांच्या मागून, हसू दाबून, किती वर्षं तो घेतला गेला होता.

"हिला हे कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला लागतं?" सुईणबाई खिडकीतून म्हणाल्या. "मी हिला बाहेर काढली तेव्हा पहिला टाहो फोडण्याआधी तिने हाच श्वास घेतला होता. तिची आई तशाही अवस्थेत हसली, म्हणाली, घ्या, दुसरी नकलाकार आली."

नवा पाईप आला, नवी क्लिप आली. मग इंजिन बंद ठेवून पुढची चाकं जॅकवर उचलली, आणि तेलातली हवा काढायचं निवांत काम सुरू झालं. सुईणबाई चाक या टोकाला वळवायच्या, मग त्या टोकाला, आणि टाकीत बुडबुडे वर येऊन फुटायचे. आप्पा टाकीवर डोळे लावून तेल घालत होते. सुईणबाई चाकाच्या तालावर जुनं जुनं काढत होत्या. एका बाळंतिणीकडे निघाल्या असताना गाडी कशी बंद पडली, आप्पांची बायको कशी स्वतः ढकलायला लागली, आणि तिच्या हसण्याच्या धक्क्यानेच गाडी कशी सुरू झाली. आप्पा म्हणाले, "खोटं. मीही ढकलत होतो." शेवटचा बुडबुडा फुटला तरी दोघंही थांबेनात, लेकीनेच सुईणबाईंचा हात चाकावरून उचलला.

गाडी सुरू केली. लेकीने ऐकलं. न्हाव्याने दार उघडलं. समोरच्या खिडक्या उघडल्या.

"गेली," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आप्पा घरी बसले. त्यांनी दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटाच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. त्यातली एकही कुरकुरताना त्यांना ऐकू आली नव्हती, पण कुरकुरत असणार. दुपारी लेक आली. घामेजलेली होती आणि रागावलेलीही.

"पावभट्टीवाल्याची व्हॅन आलीय. आवाज ऐकला मी. पण ऐकलं म्हणून कळतंच असं नाही. उठा."

"कान गेले त्या दिवसापासून घरी, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते. आता दुसरं म्हणतेय. ऐकायचं मी, तुम्हाला जाड करून सांगायचं मी. सांगायचं काय ते तुम्ही. चालू इंजिनाजवळ मात्र एक पाऊल टाकायचं नाही."

"बंद इंजिनावर काम करणारा तो कसला मिस्त्री?"

"दहा बोटांचा," लेक म्हणाली.

गॅरेजात व्हॅन धडधडत उभी होती. लेकीने बॉनेटखाली कान दिला, मग आप्पांपाशी येऊन छातीतून तो आवाज काढला. आप्पांनी डोळे मिटायची सवय मोडून तिच्या तोंडाकडे पाहिलं, दोनदा काढायला लावला, आणि मान हलवली. लेकीने आत वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढली, ती आप्पांना दिसेल अशी उंच धरली, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"घाला आता हात."

आप्पांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात घातले.