घोणीची कूस

निजामाच्या अंमलात चकलांब्याजवळच्या त्या पानमळ्यात पायताण घालून कुणी शिरत नसे. पानवेल सोवळी, चामड्यानं कोमेजते, असं सगळेच म्हणत. म्हणून पानं खुडणाऱ्या सुंदरबाईचं पाऊल उघडंच होतं, आणि पाल्यातल्या शंभरपायी घोणीनं ते धरलं.

घोटा टम्म सुजला. मळ्याचा मालक आश्रुबा धावत आला, तो फणकारतच.

"विटाळ घिऊन आलीस, सुंदरे! नीघ भाईर. उद्यापून तुझी पाटी दुसरीला."

"चार दिस बाजूला बसले, पाचव्याला न्हाऊन आले, आप्पा."

"मंग घोण तुलाच कावून डसली?"

"तिला ओल लागती. उन्हात अंग वाळून मरती ती. तुमी वेलीच्या बुडाला पाला दाबलात, वर रोज पाणी. घर तुमीच बांधून दिलंत तिला."

भोवतीच्या खुडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"लई शानी! दाव घर."

सुंदरबाईनं काडीनं पाला सारला. खाली वीतभर घोण, तांबूस, पिवळ्या पायांची, अंगाचं वेटोळं करून पडलेली; वेटोळ्यात मोत्यांसारखी अंडी. ती एकेक अंडं चाटत होती, बुरशी लागू नये म्हणून.

"हाण तिला!"

"माझा तर विटाळ हाय. तुमी सोवळे. हाणा की."

आश्रुबानं पाय उचलला. उघडा होता. हळूच खाली ठेवला.

"छबे, बांधावरलं माझं पायताण फेक!"

छबुबाईनं फेकलं. त्यानं घातलं. तेवढ्या उजेडानं घोण बिथरली होती. आपलीच अंडी तोंडात कोंबू लागली होती. पायताण पडलं, मायलेकरं एक झाली.

"आता वेल कोमेजंल, आप्पा," सुंदरबाई म्हणाली. "जायचं तर दोघं भाईर जाऊ. न्हाईतर मीबी आत."

आश्रुबानं सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्या त्याच्या पायांकडं पाहत होत्या.

"तोंडाळ कुठली! खुड पानं," म्हणत तो पचकन थुंकला आणि बांधाकडं चालता झाला.

सुंदरबाईनं त्या जागेवर पाला ओढला, पाटी कमरेला लावली आणि लंगडत पुढच्या वेलीशी गेली.

पानाचा गं मळा, थंड थंड सावली
अंडी पोटाशी धरून निजली माउली

"गाणं बंद!" बांधावरून आरोळी आली.

तिनं दुसरी ओवी धरली.