उसन्या पोरांचा वर्ग

सुबिलागा सकाळपासून फळा पुसून पुन्हा लिहीत होती. शाळेच्या चुलीवर पाहुण्यासाठी कोंबडी शिजत होती.

जिल्ह्याचे शिक्षणसाहेब तिचा धडा बघायला येणार होते. टुकुयूच्या डोंगरातल्या या शाळेत तिसरीचा वर्ग ती कैक वर्षं बिनपगारी सांभाळत होती. पालक कधी टोपलीभर बटाटे देत, कधी मक्याचं पीठ, त्यावर तिचं आणि म्हाताऱ्या आईचं भागायचं. साहेबांना धडा आवडला की नेमणूक पक्की, असं हेडसर म्वाकालोबो यांनी सांगितलं होतं.

धडा होता स्वाहिलीतल्या शेपटांचा. ‘पिका’ म्हणजे शिजव. दुसऱ्या कुणासाठी शिजवायचं तर ‘पिकिया’. पण ‘सोमा’ म्हणजे वाच, आणि कुणासाठी वाचायचं तर ‘सोमेया’. शब्दाच्या पोटात ए किंवा ओ असला की शेपूट ‘एया’चं, बाकीच्यांना ‘इया’चं. घरी न्याकुसा बोलणाऱ्या पोरांच्या डोक्यात हे फळ्यावरून शिरेना, म्हणून सुबिलागाने अंगणात राखेने दोन चुली आखल्या होत्या. ती शब्द सांगायची आणि पोरं धावत आपापली चूल गाठायची. चुकीच्या चुलीवर गेलेल्याला बाकीचे म्हणायचे, “करपलास बघ.” हसत, पडत, करपत पोरं शिकत होती. अजून अर्धीअधिक चुकायची, पण चुकल्यावर स्वतःच परत पळायची.

साहेब यायच्या आधी हेडसर वर्गात आले आणि बाजारात बकरं पारखावं तशी पोरं पारखू लागले. ग्वांत्वाचं नाक वाहतं, ही नको. आसाजिलेला स्वेटर नाही. तो तिकडचा अडखळतो. बघता बघता जवळजवळ सगळा वर्ग उठवला, हातात कुदळी दिल्या आणि शाळेमागच्या घेवड्यात खणायला पाठवला. घेवडा शाळेचा नव्हता, हेडसरांचा होता. रिकाम्या बाकांवर पाचवीची पोरं आणून बसवली. एकाला तर मिसरूड फुटायला लागली होती. त्याला गुडघे पोटाशी घेऊन बस म्हणून सांगितलं.

सुबिलागा म्हणाली, हा माझा वर्ग नाही.

“बाई, घरी पाहुणा आला की शेजाऱ्याची खुर्ची आणतोच ना आपण?” हेडसर हसले. “पोरं आणली तर काय बिघडलं? नोकरी हवीय की नकोय?”

नोकरी हवी होती. तिने खडू उचलला आणि स्वतःचीच तिला किळस आली.

धडा झकास झाला. तिने ‘लेटा’ म्हणायचा अवकाश, की बाकांवरून ‘लेटेया’ यायचं. ‘फुंगा’ म्हटलं की ‘फुंगिया’. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. कुणी अडखळलं नाही, कुणी डोकं खाजवलं नाही, कुणी शिकलंही नाही. साहेब पोटावर हात ठेवून मान डोलवत होते. हेडसर घाम पुसत होते.

फळ्याकडे वळताना सुबिलागाला खिडकीतून घेवडा दिसला. धुक्यात, गार चिखलात तिचा वर्ग वाकून खणत होता. ग्वांत्वाने बाहीला नाक पुसलं आणि कुदळ पुन्हा उचलली.

सुबिलागाने खडू ठेवला, मागचं दार उघडलं आणि सगळ्यांना हाक मारली. पोरं चिखलाच्या पायांनी आत आली, कुदळी दाराशी ठेवून भिंतीकडेला दाटीने उभी राहिली. हेडसरांचा चेहरा पडला.

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“ही तिसरी, साहेब. बाकांवरची पाचवी.”

तिला वाटलं, आता हेडसरांची भंबेरी उडेल. साहेब नुसते घड्याळाकडे बघत होते. तिने तेवढ्यात शब्द दिला. ‘लिमा’, म्हणजे शेत खण. कुणासाठी खणायचं तर काय म्हणाल? वाक्यात सांगा.

आसाजिले ‘लिमेया’ म्हणाला आणि लगेच जीभ चावली. ग्वांत्वाने नाक ओढलं. तिने ‘लिमिया’ घालून वाक्य केलं, अगदी सरळ, ना भीत, ना तोऱ्यात. “आम्ही हेडसरांसाठी घेवडा खणतो.”

बाकांवरची पाचवी हेडसरांकडे बघू लागली. मग साहेब खो खो हसले. इतके, की डोळ्यांत पाणी आलं.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले. “बाई, मीही हेडमास्तर होतो. माझ्याकडे कॉफीचा मळा होता, तोही पोरंच खणायची. सगळ्या शाळांत पाचवीच तिसरीत बसलेली असते, मला काय दिसत नाही? चला म्वाकालोबो, जेवण गार होतंय. नेमणुकीचं तुम्हीच काय ते बघा.”

“बघतो ना, साहेब,” हेडसर म्हणाले आणि जाताना तिच्याकडे असं बघितलं, की बाईंची नोकरी गेली, हे पोरांनाही कळलं.

पाचवीच्या पोरांना रस्सा कबूल केलेला होता. ती पोरंही मागोमाग गेली.

सुबिलागाने दाराशी पडलेल्या कुदळी गोळा केल्या, चिखलासकट, आणि थेट शिक्षकांच्या खोलीत गेली. साहेबांच्या ताटात कोंबडीच्या पोटातला पेटा होता, तो मानाच्या पाहुण्यालाच वाढतात. हेडसर हाड चोखत होते, तूप लागल्यासारखी हनुवटी चकाकत होती. तिने कुदळी त्यांच्या ताटापाशी चटईवर ओतल्या.

“सर, घेवडा अर्धा राहिलाय. माझी पोरं येणार नाहीत.”

हेडसर हाड हातात धरून म्हणाले, उद्यापासून तुम्हीही येऊ नका.

“उद्याचं उद्या,” ती म्हणाली. “आज घंटा व्हायची आहे.”

वर्गात तिने पोरांना बाकांवर बसवलं. चिखल बाकांना लागला तर लागू दे म्हणाली. मग घरी म्हातारीला काय सांगायचं याचा विचार करत तिने पुढचा शब्द दिला.