जाऊबाईंचं गंगावन

थोरल्या जाऊबाईंचं ब्यूटी पार्लर त्यांच्या वेणीवर चालायचं. ती लांबसडक वेणी पाठीवर टाकून त्या काउंटरमागे उभ्या राहिल्या, की बायका न विचारता त्यांच्या घरगुती तेलाची बाटली उचलायच्या. वेणीत निम्म्याहून अधिक गंगावन आहे, हे फक्त मला ठाऊक, कारण रोज शटर उघडायच्या आधी ते मीच गुंफायचे. पन्नाशी जवळ आली आणि जाऊबाईंचे केस मुठीमुठीने गळायला लागले. हात तर एवढे गार, की फेशियलला बसलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

कारणांचा मात्र घरात सुकाळ होता. सासूबाई म्हणाल्या, आंघोळीचं पाणी फार कढत. मोठे भाऊजी म्हणाले, काळजी. त्यांनी स्वतः कधी कसली केली नाही, त्यामुळे त्यांना हे निदान सोपं गेलं.

एकदा केस धुवून घ्यायला एक डॉक्टरीणबाई आल्या. मानेला गार बोटं लागताच त्यांनी जाऊबाईंचा हात धरून नखं पाहिली.

"पाळीत फार जातं का हो?"

जाऊबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "या वयात सगळ्यांचंच तसं असतं."

"सगळ्यांचं असतं म्हणून ते बरोबर नसतं. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, आणखीही काही असेल. तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

त्या जाताच जाऊबाई माझ्यावर उखडल्या. "केसांसाठी मी डॉक्टरकडे? उद्या माझ्या तेलाला कुत्रं विचारणार नाही!"

मग मीच शक्कल लढवली. रक्त न्यायला माणूस पार्लरमध्येच बोलवायचा, आजारी मी आहे असं सांगायचं आणि मागच्या खोलीत दोघींनी हात पुढे करायचा. माझे केस कधीच दाट नव्हते, त्यामुळे माझं जाणार तरी काय होतं?

रिपोर्ट आले. जाऊबाईंचं थायरॉइड मंदावलेलं. आणि माझं हिमोग्लोबिन सात! सोंग करायला गेले आणि खरीच आजारी निघाले. इतके दिवस मी स्वतःला आळशी समजून शिव्या घालत होते.

शनिवारी पार्लर भरलं होतं. मी स्टुलावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होते. खुर्चीत आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. आपसांत आम्ही तिला 'दवंडी' म्हणतो.

"धाकटीला बसायला बरं निमित्त सापडलं," ती म्हणाली. "रक्त कमी म्हणे! काम नको असलं की असंच काहीतरी होतं."

हसून घालवावं म्हटलं, पण डोळे भरून आले. रागही आला होता, फक्त तो काढायला अंगात दम नव्हता.

जाऊबाईंनी भुवया करायचा दोरा खाली ठेवला. दवंडीची एक भुवई कोरलेली, दुसरी तशीच. त्यांनी डोक्यातल्या पिना काढल्या, गंगावन ओढून सोडवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मागे बोटभर शेपटी उरली.

"हे घे माझे केस. दुकानातून आणलेत. माझ्या धाकटीला निमित्त लागत नाही. आम्ही दोघी मरमर राबत होतो आणि तोंड दाबून बसलो होतो, एवढाच आमचा गुन्हा."

झालं, आटोपलं तेलाचं दुकान, असं मी मनात म्हटलं. दवंडी मांडीवरच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग आरशातून मागच्या बायकांकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "तो रक्त नेणारा माणूस... घरच्यांना न कळता येतो का हो?"